प्लेट काउंट उत्तम, मग पीक वाईट कसा?

तारापूर, कुरकुंभ, वाळूज किंवा गोव्यातलं वेर्णा, कुठल्याही औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ कॉलममधून जाताना वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, बसणाऱ्याचा दिवस एकाच पद्धतीने सुरू होतो. मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रव, फिरवून बेसलाइन, म्हणजे आलेखाची तळरेघ, स्थिर होऊ द्यायची, स्टँडर्डची पाच-सहा इंजेक्शनं घ्यायची आणि सिस्टम सुटेबिलिटी, म्हणजे यंत्रणा कामाला योग्य आहे की नाही, ते बघायचं. सॉफ्टवेअर तक्ता काढून देतं. आलेखावर प्रत्येक पदार्थाचा एक उंचवटा उठतो, तो पीक. तक्त्यात त्याचा प्लेट काउंट (पीक किती अरुंद), टेलिंग फॅक्टर (किती तिरका), रिझोल्यूशन (शेजारच्यापासून किती वेगळा) सगळं असतं. मर्यादाही बहुतेक मेथडमध्ये ओळखीच्याच: प्लेट्स २,००० पेक्षा कमी नकोत, टेलिंग २.० च्या वर नको. आकडे बसले की सॅम्पल लागतात.

हे आकडे पीकच्या नेमक्या कुठल्या उंचीवर मोजलेत, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आणि तिथेच घोळ होतो. प्लेट काउंट बहुतेक वेळा पीकच्या कमरेवर मोजला जातो आणि दोष बहुतेक वेळा पायाशी असतो. त्यामुळे तक्त्यात 'पास' लिहिलेला पीक प्रत्यक्षात आजारी असू शकतो.

कॉलमच्या आत काय चालतं ते आधी बघू. नेहमीचा कॉलम म्हणजे १५० किंवा २५० मिलिमीटर लांब, आतून ४.६ मिलिमीटर व्यासाची स्टीलची नळी. तिच्यात ५ मायक्रॉनचे सिलिकाचे सच्छिद्र कण ठासून भरलेले असतात आणि कणांच्या पृष्ठभागावर सी-१८ ची, म्हणजे अठरा कार्बनची, साखळी रासायनिक बंधाने जोडलेली असते. ही छिद्रं इतकी बारीक असतात की एका ग्रॅम सिलिकाचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. औषधाचे रेणू मोबाइल फेजबरोबर पुढे सरकतात, मध्येच साखळ्यांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. ज्याला साखळी जास्त आवडते तो उशिरा बाहेर पडतो. वेगळं होणं होतं ते एवढ्यानेच.

पण एकाच औषधाचे सगळे रेणू एकाच क्षणी बाहेर पडत नाहीत. इंजेक्शनच्या वेळी ते एका अरुंद पट्ट्यात असतात आणि वाटेत तो पट्टा रुंदावतो. त्याची तीन मुख्य कारणं १९५६ मध्ये व्हॅन डीमटर, झुइडरवेग आणि क्लिंकेनबर्ग या तिघांनी एका समीकरणात बसवली. पहिलं कारण, कणांमधून जाणाऱ्या वाटा सारख्या लांबीच्या नसतात. भरण जितकं एकसारखं आणि कण जितका लहान, तितका हा फरक कमी. दुसरं, रेणू द्रवात आपोआप पुढे-मागे पसरतात; फ्लो फार कमी ठेवला तर त्यांना पसरायला वेळच वेळ मिळतो. तिसरं, कणाच्या छिद्रात शिरून परत यायला रेणूला वेळ लागतो. फ्लो फार जास्त असेल तर आत गेलेला मागे राहतो आणि बाहेरचा पुढे निघून जातो. म्हणून फ्लो कमी करत गेलं की कार्यक्षमता वाढतच जाईल, ही समजूत चुकीची आहे. मध्ये कुठेतरी एक चांगला वेग असतो. कण लहान केला की तो वेग वाढतो आणि वक्रही सपाट होतो, म्हणजे वेगात धावलं तरी फारसं नुकसान होत नाही. दोन मायक्रॉनपेक्षा लहान कणांचे कॉलम २००४ च्या सुमारास बाजारात रुळू लागले ते याच जोरावर. त्याची किंमत दाबात मोजावी लागते: लांबी आणि वेग तेच ठेवून कणाचा व्यास निम्मा केला तर दाब चौपट होतो.

आता प्लेट. हा शब्द क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे पदार्थ वेगळे करण्याच्या या तंत्रात, आला तो डिस्टिलेशनमधून. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत उंच कॉलम असतो, त्यात खरोखरच्या प्लेट्स असतात आणि प्रत्येक प्लेटवर वाफ आणि द्रव यांचा समतोल साधला जातो. प्लेट्स जितक्या जास्त, तितका अल्कोहोल शुद्ध. इंग्लंडमध्ये लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये ही कल्पना सिलिकाच्या कॉलमला लावली. लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करण्याच्या खटपटीतून हे काम उभं राहिलं आणि १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं. एचपीएलसीच्या कॉलममध्ये प्लेट नावाची वस्तू कुठेच नसते. पट्टा किती कमी रुंदावला, हे सांगणारा तो फक्त आकडा आहे.

तो काढायचं सूत्र असं (रिटेन्शन टाइम म्हणजे इंजेक्शनपासून पीकच्या टोकापर्यंतचा वेळ):

प्लेट काउंट = ५.५४ × (रिटेन्शन टाइम ÷ अर्ध्या उंचीवरची रुंदी)²

पीक आदर्श घंटेच्या आकाराचा आहे असं धरलं की ५.५४ हा आकडा गणितातून आपोआप येतो. जुन्या मेथडमध्ये पीकच्या दोन्ही बाजूंना स्पर्शरेषा ओढून बेसलाइनवरची रुंदी घेतात, तिथे ५.५४ ऐवजी १६ येतात. आदर्श पीकला दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात. अर्ध्या उंचीचं सूत्र जास्त चालतं, कारण तिथे बेसलाइनची गडबड नसते, शेजारचा पीक थोडा चिकटलेला असला तरी मोजता येतं आणि कुणीही मोजलं तरी आकडा तोच येतो. फार्माकोपियांच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथांच्या, सध्याच्या एकमेकांशी जुळवून घेतलेल्या क्रोमॅटोग्राफीच्या प्रकरणातही हेच सूत्र आहे.

एक उदाहरण करून बघू. १५० मिलिमीटर, ५ मायक्रॉनचा कॉलम. टोल्युइनसारखा उदासीन पदार्थ ६.०० मिनिटांना आला आणि अर्ध्या उंचीवर रुंदी ०.१३ मिनिट भरली. ६.०० भागिले ०.१३ म्हणजे ४६.१५, त्याचा वर्ग २,१३०, गुणिले ५.५४ म्हणजे सुमारे ११,८०० प्लेट्स. कॉलमच्या लांबीला याने भागलं की एका प्लेटची उंची मिळते, इथे १२.७ मायक्रॉन. ती कणाच्या व्यासाने भागली की येतात २.५. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात उपयोगी वाटतो. कॉलम लहान असो की मोठा, कण ५ मायक्रॉनचा असो की ३ चा, भरण चांगलं असेल तर तो २ ते ३ च्या दरम्यान येतो. 'दहा हजार प्लेट्स' ऐकून काहीच कळत नाही. १५० मिलिमीटर, ५ मायक्रॉनच्या कॉलमला त्या ठीकच आहेत, पण २५० मिलिमीटर, ३ मायक्रॉनच्या कॉलमला दहा हजारच आल्या तर काहीतरी बिघडलंय.

आता त्याच कॉलमवर ॲम्लोडिपिनसारखं औषध घ्या. रक्तदाबाचं हे औषध रासायनिकदृष्ट्या अल्कधर्मी, त्यात एक मोकळा अमिन गट. समजा तेही ६.०० मिनिटांना आलं, अर्ध्या उंचीवर रुंदी ०.१५ मिनिट. सूत्रात घातलं की ८,८६० प्लेट्स. छानच. मर्यादा २,००० ची, आपण चौपटीहून वर.

पण बेसलाइन मोठी करून बघा. दहा टक्के उंचीवर पीकच्या मध्यरेषेपासून पुढची बाजू ०.१२ मिनिट आहे आणि मागची ०.१८. म्हणजे मागची बाजू दीडपट. पीक मागे ओढला गेलाय. लॅबच्या भाषेत टेलिंग. हे तिरकेपण हिशोबात धरणारं एक सूत्र फोली आणि डॉर्सी यांनी १९८३ मध्ये दिलं. त्यात रुंदी दहा टक्के उंचीवर घेतात आणि मागच्या-पुढच्या बाजूंचं गुणोत्तरही घेतात: ४१.७ गुणिले (रिटेन्शन टाइम भागिले रुंदी) चा वर्ग, आणि या सगळ्याला भागायचं गुणोत्तर अधिक १.२५ ने. आपल्या पीकची रुंदी ०.३०, गुणोत्तर १.५. उत्तर येतं सुमारे ६,०७०.

एकच इंजेक्शन, एकच पीक. कमरेवर मोजलं तर ८,८६०, पायाशी मोजलं तर ६,०७०. शेपूट जितकी लांब आणि जितकी खाली पसरलेली, तितकी ही तफावत वाढते, कारण अर्ध्या उंचीच्या खाली काय चाललंय ते पहिल्या सूत्राला दिसतच नाही.

म्हणून टेलिंग फॅक्टर वेगळा मोजावा लागतो. त्याची पद्धत सोपी आहे. पीकच्या पाच टक्के उंचीवर एकूण रुंदी घ्यायची आणि पुढच्या बाजूच्या रुंदीच्या दुपटीने तिला भागायचं. आपल्या ॲम्लोडिपिनच्या पीकला पाच टक्क्यांवर पुढची बाजू ०.१४ आणि एकूण रुंदी ०.३६५ मिनिट धरली तर ०.३६५ भागिले ०.२८ म्हणजे १.३. इथे एक सावधगिरी बाळगा. दहा टक्के उंचीवर मागची बाजू भागिले पुढची बाजू, हा असिमेट्री फॅक्टर झाला. आपल्याकडे तो १.५ आला. दोन्ही आकडे एकाच पीकचे. एका कागदावर १.३ आणि दुसऱ्यावर १.५ दिसले म्हणून कॉलम बिघडला असं नसतं, आधी व्याख्या तपासा. फार्माकोपियांच्या त्या जुळवून घेतलेल्या प्रकरणात, मोनोग्राफमध्ये, म्हणजे त्या औषधाच्या स्वतंत्र नोंदीत, वेगळं काही दिलं नसेल तर, मोजणीच्या पीकला टेलिंग फॅक्टर ०.८ ते १.८ च्या आत हवा. ०.८ ची खालची हद्दही विसरू नये. एकच्या खाली म्हणजे पीक पुढे झुकलेला, त्याला फ्रंटिंग म्हणतात.

शेपटीने एवढं काय बिघडतं? मुख्य औषधाचा पीक एकटाच असेल आणि फक्त ॲसे, म्हणजे औषधाच्या प्रमाणाची मोजणी, करायचा असेल, तर १.३ किंवा १.५ ने आभाळ कोसळत नाही. पण अशुद्धता मोजायच्या असतील तर गोष्ट वेगळी. दिवसाला २ ग्रॅमपर्यंत डोस असलेल्या औषधद्रव्यात ०.०५ टक्क्यापासूनची अशुद्धता कळवावी लागते. मुख्य पीकच्या उंचीचा दोन-हजारावा भाग तो! मुख्य पीकच्या मागोमाग येणारी अशुद्धता त्याच्या शेपटीवर बसली, तर इंटिग्रेशनची, म्हणजे पीकचं क्षेत्रफळ मोजायची, रेघ कुठून कुठे ओढायची याचा निर्णय सॉफ्टवेअर घेतं किंवा माणूस हाताने घेतो, आणि दोघांचेही निर्णय रोज तेच येत नाहीत. ०.०८ चे ०.१२ होतात, ०.१२ चे ०.०८ होतात. शिवाय क्षेत्रफळ तेच ठेवून पीक पसरला की उंची कमी होते, मग लहान पीक नॉइजमध्ये, म्हणजे बेसलाइनच्या थरथरीत, बुडतो. अशुद्धतेच्या मेथडमध्ये टेलिंगची मर्यादा २.० ठेवणं मला पटत नाही. ती मर्यादा ॲसेच्या मेथडमधून उचलून चिकटवलेली असते.

शेपूट येते कुठून, हे शोधायला क्रोमॅटोग्राम स्वतःच मदत करतो, फक्त सगळे पीक एकत्र बघायला हवेत.

फक्त अल्कधर्मी पदार्थाचा पीक ओढला गेलाय आणि शेजारचा उदासीन पीक सरळ उभा आहे, तर कारण रासायनिक आहे. सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल नावाचे गट असतात. सी-१८ ची साखळी जाड असते, त्यामुळे सगळ्या सिलॅनॉलपर्यंत ती पोहोचतच नाही. निम्मे तरी उरतात. मोबाइल फेजचा पीएच ७ च्या आसपास असला की यातले बरेच ऋणभारित होतात, अमिन धनभारित असतो, आणि औषधाचे काही रेणू तिथे अडकून उशिरा सुटतात. तीच शेपूट. उपायही त्यावरून सुचतात: पीएच २.५ ते ३ वर आणला की सिलॅनॉलचा भार बहुतांशी जातो. ट्रायएथिल अमिन थोडं घातलं की तेच त्या जागा अडवतं. किंवा जास्त शुद्ध सिलिकाचा, नीट एंड-कॅपिंग केलेला कॉलम घ्यायचा. एंड-कॅपिंग म्हणजे उरलेल्या सिलॅनॉलवर छोटा गट बसवून त्यांना झाकणं. पीएच खाली आणताना २ च्या खाली आणि वर नेताना ८ च्या वर मात्र साध्या सिलिकाला नेऊ नका. खाली साखळी तुटते आणि वर सिलिकाच विरघळते.

सगळेच पीक सारखेच बिघडलेत, सगळ्यांना शेपूट किंवा सगळे दुभंगलेले, तर रसायनाला दोष देऊ नका. कॉलमच्या तोंडाशी काहीतरी झालंय. भरण खचून पोकळी झाली असेल किंवा सॅम्पलमधला कचरा फ्रिटवर, म्हणजे कॉलमच्या तोंडावरच्या गाळणीवर, साचला असेल. फ्रिट तुंबली तर दाबही वाढलेला दिसतो. पोकळीत दाब बहुधा तसाच राहतो. फॉस्फेट बफर वापरणाऱ्या लॅबमध्ये हे वारंवार होतं, कारण बफर धुऊन न काढता थेट ॲसिटोनायट्राइल सोडलं की मीठ आतच खाली बसतं. आधी पाणी जास्त असलेलं, बफर नसलेलं मिश्रण फिरवायचं, मग सॉल्व्हंट.

सुरुवातीचे पीक पसरट आणि उशिराचे चांगले? मग कॉलमच्या बाहेर बघा. इंजेक्टरपासून डिटेक्टरपर्यंतच्या नळ्या, जोड, डिटेक्टरचा सेल, या सगळ्यात पट्टा पसरतोच. पसरण्याची बेरीज साधी होत नाही, वर्गांची होते. त्यामुळे जो पीक मुळात अरुंद, त्याला हा फटका सगळ्यात जास्त बसतो, आणि सुरुवातीचे पीकच अरुंद असतात. इथे एक बारीक गोष्ट हातात घेऊन बघण्यासारखी आहे. स्टीलच्या नळीवर फेरूल, म्हणजे जोड घट्ट करणारी छोटी कडी, एकदा आवळला की तो तिथेच रुतून बसतो. नळीचं टोक फेरूलच्या पुढे किती राहायचं, ते वेगवेगळ्या कॉलममध्ये वेगवेगळं असतं. एका कॉलमसाठी बसवलेली नळी दुसऱ्या कॉलमला लावली आणि टोक मिलिमीटरभर आखूड पडलं, तर तिथे एक छोटी रिकामी खोली तयार होते. गळती नाही, दाब ठीक, आणि तरी प्रत्येक पीक त्या खोलीत थोडा घोळून बाहेर पडतो. कॉलम 'खराब' म्हणून टाकण्याआधी हा जोड उघडून बघाच. ४.६ मिलिमीटर कॉलमवर आपला ०.१३ मिनिटांचा पीक, १ मिलिलिटर फ्लोला, १३० मायक्रोलिटर रुंद असतो, तो हे थोडंफार सोसतो. २.१ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या कॉलमवर पीक काही मायक्रोलिटरचा असतो; तिथे जुन्या एचपीएलसीच्या नळ्या वापरल्या तर कॉलमचा सगळा फायदा नळ्यांतच संपतो.

पहिलाच पीक पुढे झुकलेला किंवा फाटलेला असेल, तर सॅम्पल कशात विरघळवलंय ते बघा. मोबाइल फेजमध्ये पाणी जास्त आणि सॅम्पल शुद्ध मिथेनॉलमध्ये, असं असलं की औषधाचा काही भाग मिथेनॉलच्या लोंढ्याबरोबर पुढे धावतो. इंजेक्शन २० मायक्रोलिटरवरून ५ वर आणा. पीक सुधारला तर कारण सापडलं. आणि सॅम्पल पातळ करताच शेपूट कमी होऊन रिटेन्शन टाइम जरा वाढला, तर तो ओव्हरलोड, म्हणजे कॉलमला झेपेल त्याहून जास्त पदार्थ, होता. अल्कधर्मी औषधांत तो आपण समजतो त्यापेक्षा बराच लवकर सुरू होतो.

नव्या कॉलमच्या डब्यात चाचणीचा कागद येतो, त्यावर भरघोस प्लेट्स असतात. तो आकडा खरा असतो, पण कंपनीने तो उदासीन पदार्थांवर, कमीत कमी नळ्या असलेल्या यंत्रावर काढलेला असतो. तुमच्या यंत्रावर, तुमच्या औषधाला तो येणार नाही. कॉलमचं भरण कसं आहे, हे तो कागद सांगतो. सिलॅनॉल कसे वागतील, हे सांगत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या असतात, हे अमेरिकेच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मापन संस्थेने बनवलेल्या एसआरएम ८७० या चाचणी मिश्रणात छान दिसतं. त्यात पाच पदार्थ आहेत. युरॅसिल जवळजवळ न थांबता निघून जातं, त्यावरून रिकाम्या जागेचा वेळ कळतो. टोल्युइन आणि एथिलबेंझिन भरणाची कार्यक्षमता आणि कॉलमची पकड दाखवतात. क्विनिझॅरिन धातूला पकडणारा रेणू; सिलिकात धातूचे अंश असतील तर त्याचा पीक बिघडतो. आणि ॲमिट्रिप्टिलिन हे अल्कधर्मी औषध, मुद्दाम पीएच ७ च्या बफरमध्ये चालवलेलं, म्हणजे सिलॅनॉलला लपायला जागाच नको. एकाच इंजेक्शनमध्ये एथिलबेंझिनला भरघोस प्लेट्स आणि ॲमिट्रिप्टिलिनला लांबलचक शेपूट, असं सहज दिसू शकतं. दोन्ही निकाल त्याच कॉलमचे.

आता रिझोल्यूशनबद्दल, कारण शेवटी दोन पीक वेगळे होणं महत्त्वाचं. ते प्लेट काउंटच्या वर्गमुळाने वाढतं. कॉलम दुप्पट लांब केला, प्लेट्स दुप्पट झाल्या, वेळ आणि दाबही दुप्पट, आणि रिझोल्यूशन वाढलं फक्त १.४ पट. याउलट दोन पदार्थांच्या पकडीचं गुणोत्तर १.०५ वरून १.१० वर नेलं, तर रिझोल्यूशन जवळपास दुप्पट होतं. पीएच थोडा हलवून किंवा मिथेनॉलऐवजी ॲसिटोनायट्राइल घेऊन हे बऱ्याचदा साधतं. बेसलाइनपर्यंत वेगळं व्हायला रिझोल्यूशन १.५ लागतं, असं शिकवतात. ते सरळ आणि साधारण सारख्या आकाराच्या पीकसाठी. शेपटीवर बसलेल्या ०.१ टक्क्याच्या अशुद्धतेला १.५ पुरत नाही, कारण रिझोल्यूशनचं सूत्रसुद्धा बहुधा अर्ध्या उंचीच्या रुंदीवरच चालतं.

ग्रेडियंटमध्ये मात्र प्लेट काउंटचा हा हिशोब लावूच नका. तिथे मोबाइल फेज सतत तीव्र होत जातो, पीकची मागची बाजू पुढे ढकलली जाते आणि सगळे पीक अरुंद दिसतात. सूत्रात टाकलं की लाखांत प्लेट्स येतात, ज्यांना काहीच अर्थ नसतो. ग्रेडियंटला टेलिंग, रिझोल्यूशन आणि एकूण वेळात किती पीक शेजारी-शेजारी मावतील तो आकडा बघायचा.

कॉलमच्या वहीत बहुतेक लॅब इंजेक्शनची संख्या आणि बॅच नंबर लिहितात. त्याशेजारी चार रकाने वाढवा: अर्ध्या उंचीचा प्लेट काउंट, पाच टक्क्यांवरचं टेलिंग, दाब आणि पहिल्या व शेवटच्या पीकच्या रुंदीचं गुणोत्तर. नवा कॉलम पहिल्यांदा लावला त्या दिवशी, तुमच्याच मेथडवर, तुमच्याच यंत्रावर. पुढे प्लेट्स हळूहळू उतरत गेल्या आणि टेलिंग जागेवर राहिलं तर भरण म्हातारं होतंय. प्लेट्स जागेवर आणि फक्त अल्कधर्मी पीकचं टेलिंग वाढत गेलं तर एंड-कॅपिंग झिजतंय. एका रात्रीत सगळंच बदललं तर काल कॉलम कुणी बदलून लावला ते विचारा आणि तो जोड उघडून नळीचं टोक बघा.